ग्राइंडर मारलेला तवा

नागपंचमीला मी दोन दिवस माहेरी गेले आणि परत आले तर माझा बिडाचा तवा निळा झालेला. खालून निळा. नांगराला, रोटाव्हेटरला मारतात तो रंग. वरून घासून घासून नव्या पत्र्यासारखा चकचकीत. ओट्यावर मधोमध ठेवलेला, मला आल्या आल्या दिसावा म्हणून. आणि बाजूला आमचे हे उभे, बक्षीस मिळणार असल्यासारखे.

"कसा झालाय?"

माझ्या हातातली पिशवी अजून हातातच होती. "कुणी केलं हे?"

"मीच नेला व्हता वर्कशॉपला. ग्राइंडर मारून आणला. कीट लई साचलं व्हतं गं. आन तुझा हात दुखतोय ना, म्हनलं वजन बी उतरंल जरा."

मी तव्यावरून बोट फिरवलं. बोटाला राखाडी भुकटी लागली. बावीस वर्षांचं काम त्या वर्कशॉपच्या जमिनीवर सांडलं होतं आणि कुणीतरी केरसुणीनं झाडून बाहेर टाकलं होतं. माझे कान गरम झाले. तोंडातून काय निघेल याची मलाच भीती वाटली, म्हणून मी गोठ्यात निघून गेले आणि गाईंसमोर उभी राहून रडले. दुःखानं नाही. संतापानं.

हे कसं घडलं ते सांगते, कारण असली चूक आमच्याकडेच होऊ शकते. पंचमीच्या दिवशी आमच्यात तवा चढवत नाहीत. चिरायचं नाही, तळायचं नाही, भाजायचं नाही. उकडून काय ते खायचं. सासूबाई हे फार कडक पाळतात. आदल्या दिवशी रात्रीच तवा घासून फळीवर ठेवून देतात. तर यांनी विचार केला, एरवी हा तवा एक वेळ मोकळा सापडत नाही, आज दिवसभर रिकामा आहे, बायकोही घरात नाही, उरकून टाकू. म्हणजे ज्या दिवशी तव्याला विसावा द्यायचा, नेमक्या त्याच दिवशी त्याची साल काढली. वर्कशॉपवाल्याचं मी काही म्हणत नाही. त्याच्यापुढं लोखंड आलं की तो ग्राइंडर लावतो आणि मग गंजू नये म्हणून रंग मारतो. त्याला कुणी सांगितलं नाही की यावर माणसं भाकरी खातात.

"वरून न्हाई मारू दिला रंग," हे मला नंतर म्हणाले. "तेवढी अक्कल हाय मला."

हा तवा माझ्या आईनं घेतलेला. माझं माहेर शिनोलीच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्याला, डोंगरात. आमच्या घरी भात आणि नाचणी. मला राजुरीला दिली, बागायती गावात, तेव्हा आईला एकच काळजी होती, की तिथं सकाळ-संध्याकाळ बाजरीच्या भाकरी बडवाव्या लागणार आणि हिला पातळ पत्र्याच्या तव्याखेरीज काही माहीत नाही. म्हणून लग्नाआधी ती मला घेऊन घोडेगावच्या बाजाराला गेली. भांडीवाल्यानं गोणपाटावर पाच-सहा तवे मांडले होते. आईनं एकेक उचलला, उन्हाकडं धरून पाहिला, कुठं सुईच्या टोकाएवढं भोक दिसतं का. मग पालथा करून बोटानं चाचपला. मग दगडानं वाजवायला लागली.

"मावशे, ताशा न्हाई त्यो," भांडीवाला म्हणाला.

"ताशा फुटला तर दुसरा येतो. ह्यो फुटला तर पोरीला सासरी बोलणी बसत्याल," आई म्हणाली आणि पुढचा वाजवला. ज्याचा आवाज बद्द आला तो तिनं बाजूला सारला, त्यात बारीक तडा असतो म्हणाली. शेवटी एक निवडला. सगळ्यात जड. मला दोन्ही हातांनी उचलावा लागला. मी कुरकुरले तर म्हणाली, "जड हाय म्हनूनच घ्यायचा. पातळ तव्याला आच सोसत न्हाई, भाकर एका जागी करपती आन एका जागी कच्ची ऱ्हाती."

पहिलं वर्ष त्या तव्यानं मला रडवलं. आईनं सांगितल्याप्रमाणं तीन दिवस पेजेत भिजवला, घासला, तेल लावून तापवला, गार केला, पुन्हा तेल लावलं. अर्धा कांदा काट्याला टोचून त्यावर फिरवला. तरी धिरडं घातलं की चिकटायचं. उलथन्यानं खरवडून काढायचं आणि त्याचा लगदा गाईला घालायचा. सासूबाई जेवायला बसलेल्या पाहुण्यांना सांगायच्या, आमच्या सुनेनं डोंगरातनं दगड आणलाय. मी पुन्हा तेल लावायचे. भाकरी झाल्यावर, तवा कोमट असताना, फडक्यानं पुसायचा, चार थेंब तेल चोळायचं, पालथा न करता फळीवर ठेवायचा. रोज. सणाला, सुतकात, बाळंतपणाहून आले त्या आठवड्यातसुद्धा. हळूहळू तो काळा झाला. काळा म्हणजे घाण नव्हे, ओल्या चिंचोक्यासारखा, हात लावला तर गुळगुळीत. शेवटी शेवटी धिरड्याला तेलाचं बोट लागायचं नाही, कडा आपोआप उचलायची.

हे मी सांगते आहे कारण यांना ते कधी दिसलंच नाही. बावीस वर्षं त्या तव्यावरची भाकरी खाल्ली. आणि जे मी रोज एकेक थेंब करून चढवलं, त्याला नाव दिलं कीट.

घरातली बाई काय काम करते ते दिसत नाही, असं सगळेच म्हणतात. माझं त्याहून वाईट झालं. माझं काम दिसलं आणि ते मळ वाटलं.

गोठ्यातून परत आले तेव्हा सासूबाई ओट्याजवळ होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. त्या तव्याकडं बघून खूश. "आता कसं माणसाच्या घरातलं भांडं वाटतंय," म्हणाल्या. मग मात्र माझा बांध फुटला. मी यांना विचारलं, तुमचा हात दुखला असता तर तुम्ही काय केलं असतं? म्हणाले, डॉक्टरकडं गेलो असतो.

"मग माझा हात कशानं दुखतो ते इचारलं का कधी? तव्यानं न्हाई दुखत. धारांनी दुखतो. चार गाई, दोन येळंला. गाईंना बी नेऊन ग्राइंडर मारून आणा."

धारांचा विषय निघाला की आमच्या घरात प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवतं. हे पाण्याची मोटर बघायला गेले. मी तवा उचलून पाहिला. वजन उतरलं असेल तर मूठभर. पण उलट्या बाजूचा रंग नखाला लागत होता आणि त्याला रॉकेलसारखा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना सांगितलं की या घरात आता या तव्यावर मी काही करणार नाही. नॉनस्टिक आहे, त्यावर करीन. हा तवा ज्यानं घालवला त्यानं पहिल्यासारखा करून द्यायचा. आधी त्यांना वाटलं राग आहे, दोन दिवसांत उतरेल. चार दिवस नॉनस्टिकवरच्या भाकरी खाल्ल्या. त्या तव्यावर बाजरीची भाकरी कशी होते ते ज्यानं खाल्लीय त्याला माहीत आहे. पाचव्या दिवशी म्हणाले, "सांग, काय करू?"

मी सांगितलं. प्रेमानं नाही, मास्तर पट्टी घेऊन सांगतो तसं. यांनी मागच्या अंगणात तीन दगड मांडून त्यावर तवा ठेवला आणि खालचा रंग जाळला. निळा धूर झाला, शेजारची विचारायला आली, अवं, काय जाळताय. मग दोन दिवस खरवडणं. मग पेज. मग तेल, आच, गार, पुन्हा तेल. आत्या धुसफुसत होत्या. "पोराला चुलीपुढं बसवलं हिनं. शेतातनं आला की तवा घेऊन बसतोय." मी म्हटलं, "आत्या, मी बी गोठ्यातनंच येत व्हते." त्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

पहिलं धिरडं यांनी घातलं ते तव्याला असं बसलं की सांडशीनं धरून तासावं लागलं. दुसऱ्याचं तेच. हे घामाघूम. "आयला, ह्ये कसं जमवलंस तू?" त्यांनी विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला वाटलं, हे विचारायला माझा तवा जावा लागला.

तरी एक सांगते, त्यांनी सोडलं नाही. रोज संध्याकाळी एक धिरडं, एक भाकरी. श्रावण गेला, गणपती गेले. नवरात्रात तव्याचा मधला भाग काळा धरायला लागला. दसऱ्याच्या आसपास एका संध्याकाळी बेसनाचं धिरडं कडेनं सुटलं. पूर्ण नाही, अर्धं. यांनी मला हाक मारली, आत्यांना हाक मारली, शेजारच्या भाऊंनाही बोलावणार होते.

आणि मग ते घडलं ज्यामुळं मी हे लिहायला बसले.

जेवणं झाली. आत्यांनी सवयीप्रमाणं तवा मोरीत नेला आणि साबणाची तारेची घासणी घेतली. बावीस वर्षं तवा हाताला लागला की त्या हेच करायच्या आणि मी पुन्हा तेल चढवायचे. मी किती वेळा ओरडले असेन, आत्या, साबण नको, तार नको, नुसतं पुसा. त्या करायच्या ते करायच्याच आणि बाहेर ओसरीवर सांगायच्या, आमची सून लई तोंडाळ. तव्याला सोनं लावलंय जणू. हे तेव्हा मोबाइल बघत असायचे. एकदाही मान वर करून म्हणाले नाहीत, की आई, ती सांगते तर ऐक.

त्या संध्याकाळी हे बाहेरून ओरडले. "आई! साबण लावू नको त्याला! ठेव खाली!"

आत्यांनी घासणी ठेवली. तिथल्या तिथं. "बरं बाबा, मला काय म्हाईत," म्हणाल्या आणि पदरानं तवा पुसायला लागल्या. पुसायला! त्या रात्रीपासून त्यांनी साबणाचं नाव काढलेलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांना स्वतःच सांगतात, बिडाला साबण चालत नाही हो, आमच्या पोराला त्यातलं लई कळतं.

सगळ्यांना वाटलं मला आता हसू येईल, समाधान वाटेल. माझ्या आईला फोनवर सांगितलं तर तीही म्हणाली, चला, सुधरला की जावई. मला ग्राइंडरच्या दिवशी आला नव्हता इतका राग आला. तेच शब्द, तीच मोरी. मी बोलले तेव्हा ती कटकट होती. ते एकदा बोलले आणि तो घरचा नियम झाला. त्या दिवशी यांनी तवा घालवला होता, ते अजाणतेपणी. आता तर तो तेल देऊन मुरवलाही त्यांनीच, असं झालं.

दिवाळीच्या आधी नणंदेचा फोन आला. त्या वारूळवाडीला दिलेल्या. त्यांनी नवीन बिडाचा तवा आणि कढई घेतलेली, हल्ली सगळ्याच घेतात म्हणून. चिकटतंय सगळं, गंज पण धरलाय, काय करायचं, असं विचारायला त्यांनी भावाला फोन केला. भावाला. मी तिथंच परातीत पीठ मळत होते. फोन स्पीकरवर होता.

"अगं ऐक," हे खाटेवर ऐसपैस बसून सांगायला लागले. "बिडाचं तसंच असतंय. घाई करायची न्हाई. रोज थोडं थोडं तेल चढवायचं. मी सांगतो ना तुला, मी केलंय सगळं हातानं."

पिठाच्या हातानंच मी जाऊन फोन उचलला. त्यांच्या पुढ्यातून. स्क्रीनला पीठ लागलं.

"ताई," मी म्हटलं, "बिडाचं काय इचारायचं ते मला इचारायचं. तुमच्या भावाला अडीच म्हैनं झालं शिकून. मला बावीस वर्सं झाली शिकवून."

हे माझ्याकडं बघत होते, तोंड अर्धं उघडं. त्यांना पहिल्यांदाच काहीतरी लागलं असावं, कारण त्यांनी फोन परत मागितला नाही. आत्यांनी टीव्ही बंद केला.

"बरं वहिनी," नणंद म्हणाल्या. "मग आधी काय करायचं? तेल लावायचं का कांदा?"

"आधी गंज काढा," मी म्हटलं. माझा आवाज अजून चढलेलाच होता. "लिहून घ्या."