मास्क एक, माणसं दोन

डोळे उघडत नाहीत, म्हणून बोलून टाईप करतेय. चुका सांभाळून घ्या, बायांनो.

मिलिटरीतून रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी हौसेनं वेल्डिंग मशीन घेतलंय. सकाळी गेटला टाके मारत होते. मास्क त्यांच्या तोंडाला, लोखंड धरायला मी.

"बघू नगंस, नुसतं धर," म्हणाले. न बघता सरळ कसं धरायचं? पदराआडून बघितलंच.

दुपारी डोळ्यांत वाळू घातल्यासारखं व्हायला लागलं. रहिमतपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धरणाऱ्यालाही तसलीच काळी काच लागते, पदरानं भागत नाही.

आत्ता अंगणातून हाक आली, "बरं वाटलं का गं? दोनच टाके ऱ्हायल्यात."

आणि मी भिंत चाचपत उठलेसुद्धा.

तुमच्याकडं धरायला कोण असतं?