कंबरमोडीचा पाला

सिविक सेंटरला बँकेच्या रांगेत उभी होते, तेव्हा फोन आला. मालतीताई गेल्या... सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि संपलं. रांग पुढे सरकली, मी तिथेच उभी. महिना होऊन गेला, अजून पटत नाही.

ताई भिलाईच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायच्या, मी त्यांच्या हाताखाली लॅबमध्ये होते. बाई कडक! औषधी पाल्याचा अर्क अल्कोहोलमध्ये काढायचा, कागदाच्या चकत्या त्यात भिजवून सुकवायच्या आणि जंतू पसरलेल्या प्लेटवर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसलं, तर पाल्यात दम आहे. पण प्रत्येक प्लेटवर एक चकती नुसत्या अल्कोहोलची हवीच. ती विसरणाऱ्या मुलीची प्लेट ताई बघतसुद्धा नसत. "पाला मारून राहिला का दारू मारून राहिली, कसं कळन तुले?" असं म्हणत, आणि सगळी लॅब हसे.

त्यांनी स्वतः जीव लावून तपासला तो एकच पाला, कंबरमोडीचा. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणीच गेला होता. पायात खिळा घुसला, जखम चिघळली. आई गावाकडच्या सवयीने तिच्यावर कंबरमोडीचा रस पिळत राहिली आणि दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला. आईने पुढे कधी तो विषय काढला नाही. ताई लॅबला लागल्यावर मात्र एकदाच म्हणाली, "तुया मशिनीत पाहून सांग मले, त्या पाल्यात काही होतं का नाही."

पहिल्याच प्लेटवर सुरेख कडं आलं. ताईंनी माझा हात गच्च धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं. मग नजर अल्कोहोलच्या चकतीवर गेली. तिच्याभोवतीही तेवढंच कडं! आईला सांगायच्या घाईत ताईंनी, चक्क ताईंनी, चकत्या ओल्याच ठेवल्या होत्या. नीट सुकवून पुन्हा केलं, परत केलं. आमच्या लॅबमध्ये तरी त्या जंतूंपुढे पाला हरला.

"आईंना काय सांगाल?" मी विचारलं. त्या काचा धुवत राहिल्या. मला वाटलं, खोटंच सांगतील. कुणाचं काय बिघडणार होतं?

परवा पद्मनाभपूरला ताईंच्या घरी त्यांच्या आईंना भेटायला गेले. ताईंच्याच खोलीत, त्यांच्या पलंगावर काकूंनी मला जवळ बसवलं. "पाल्यात काहीच नव्हतं, असं सांगतलं होतं तिनं मले," त्या म्हणाल्या. मला ताईंचा रागच आला. इतकी कशी निष्ठुर ही बाई!

"काकू, तुम्हाला किती लागलं असेल..."

"नाही वं पोरी. इतके वर्सं मले वाटे, मीच रस कमी पिळला. अजून पाला वाटला असता त वाचला असता माया पोरगा." त्या पलंगावरून हात फिरवत राहिल्या. "मालती म्हणे, आई, गाडीभर वाटला असता तरी काही झालं नसतं. त्या रातीले मले झोप लागली."