शेवंताचे दहा हात

बोडीतला, म्हणजे गावतळ्यातला, गाळ दर उन्हाळ्यात काढा, पावसाळा सरला की पुन्हा तेवढाच. आमच्या गावच्या बालमजुरी समितीच्या किश्शांचं तसंच आहे. समितीतल्या आम्ही चौघी एकत्र बसलो की एखादा निघतोच. हसण्यासारखे आधी सांगते.

मोहाडी तालुक्यात, करडीच्या अलीकडे आमचं गाव. धान निघाला की घरोघरी बिड्या वळणं सुरू. समितीसाठी बाया निवडायच्या होत्या, तेव्हा सरपंचांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या काकूले घ्या. कोणाच्या घरी काय शिजलं ते हिले वासावरून समजते!"

मी रागावले नाही. खरंच समजते!

*

ट्रेनिंगला मोहाडीला नेलं. सरांनी पडद्यावर आफ्रिकेतलं एक गाव दाखवलं. तिथली लेकरं कोकोच्या बागेत राबायची, त्याच कोकोचं चॉकलेट होतं म्हणे. आता गावच्याच बाया घरोघरी फिरून त्यांना शाळेत घालत होत्या.

आमच्या कमलाबाईनं हात वर केला. "सर, त्या लेकराईनं चॉकलेट खाल्लं काय कधी?"

"बहुतेक नाही."

"आमच्या पोट्ट्याईनं तरी बिडी ओढून पाहिली बापा!"

हॉल हसला. सर हसले नाहीत.

*

पहिली मिटिंग अंगणवाडीच्या ओट्यावर. सगळ्या बिड्यांचं सूप घेऊन आल्या अन् मांडीवर ठेवून बसल्या, रिकामे हात कोण ठेवते? तोंडानं बालमजुरी बंद, बोटांनी तेंदूची पानं वळणं चालू. एकदम अंगणवाडीताई ओरडली, "अवं, ही पायल इथं काय करून राहिली?"

पायल म्हणजे माझ्या शेजारच्या शेवंताची पोरगी. शाळा सोडून घरी बसलेली. आमच्याच बिड्यांना गाठ मारत बसली होती!

"मी कुठं काम करून राहिली? मी तं फक्त धागा बांधून राहिली!"

*

मग शेवंताला समजवायला गेलो. नवरा वारलेला, खोकल्यानं बाईच्या बरगड्या दिसत होत्या. ताईनं शाळेचं महत्त्व सांगितलं. शेवंतानं सगळं ऐकून घेतलं अन् सूप आमच्यापुढं सरकवलं.

"लय चांगलं बोलता माय तुमी. मंग पोट्टी शाळेत गेल्यावर हे कोण वळते?"

 कमलाबाईनं वाकून मूठभर पानं पदरात घेतली. मग ताईनं, समितीतल्या सिंधूनं, मी.

*

पायल शाळेत जाऊ लागली. संध्याकाळी आम्हा चौघींच्या बिड्या शेवंताच्या सुपात जमायच्या. ठेकेदार माल पाहून चक्रावला. एक बिडी काडीसारखी, दुसरी कमलाबाईसारखी!

"शेवंता, तुले चार हात कधी फुटले वं?"

शेवंता खोकत खोकत म्हणाली, "चार नाही भाऊ, दहा!"

*

मला सवय, पोरगी दिसली की विचारायचं, आज काय शिकली? एक दिवस पायल वैतागली. "काकू, माय बी विचारते, तुमी बी विचारता. दोघी सोबत बसा, एकदाच सांगतो!"

तेव्हापासून रोज मी शेवंताच्या खाटेशी बसायची. पायल धडा वाचायची, शेवंता डोळे मिटून ऐकायची. नद्यांचा धडा होता त्या दिवशी शेवंता ऐकत नव्हती. मला कळलं. पायलला नाही. तिनं धडा शेवटपर्यंत वाचला. मी वाचू दिला.

*

तेरवी झाल्यावर पायलची नागपूरची आत्या आली. तिची सून बाळंत झालेली, लेकरू धरायला कोणीतरी पाहिजे.

"पायल आमच्याजवळ राहील," मी म्हटलं. "जेवण, शाळा, सगळं आमी पाहू."

"कायले? रक्ताची मी आहो का तुमी? तिकडं बी शाळा आहे!"

ताईनं तालुक्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, पोरगी नातेवाईकाकडे चालली, त्यात मजुरी कुठं आली?

स्टँडवर गाडी सुटता सुटता पायलनं खिडकीतून माझा हात धरला. "काकू, शाळेतल्या बाईले सांगजा, पायल आजारी आहे मनून. नाही तं नाव काटतील."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. हजेरी चालू होती. मी दारातूनच म्हटलं, "बाई, पायल आजारी आहे."

बाई आमच्याच गल्लीत राहतात. माझ्याकडे बघत राहिल्या.

"ताप आहे का?"

"हो."

"बरं," बाई म्हणाल्या, "उतरला की पाठवा."