शुक्राची मऊ गाडी

चारोटी नाक्याजवळच्या गॅरेजात शुक्राने आपल्या बोलेरोच्या मागच्या स्प्रिंगांचा एकेक पाटा काढून टाकायला सांगितला, तेव्हा मेकॅनिक रूपेशला वाटलं, हा आज सकाळीच पिऊन आलाय.

"अरे, लोक माझ्याकडे पाटा वाढवायला येतात. मागे आणखी चार माणसं कोंबता येतात म्हणून. काढायला कोण येतं?"

"मी आलोय ना. गाडी मऊ पाहिजे मला."

"सीटची गाडी आणि मऊ? काय करायची आहे मऊ करून?"

"पोरीला लागतं," शुक्रा म्हणाला.

रूपेशने हातातला पाना खाली ठेवला. शुक्राची दक्षा त्याला माहीत होती. तो एवढंच म्हणाला, की पाटा काढला तर गाडीला वजन झेपणार नाही, मागची बाकडी रिकामी ठेवावी लागतील, आणि स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर तुला वेड्यात काढतील. शुक्रा म्हणाला, काढू देत.

शुक्राची गाडी कासा ते डोंगरातले पाडे अशी सीट मारायची, माणशी भाडं घेऊन. कासा सोडलं की थोडं डांबर, मग खडी, आणि वाघदेवाच्या दगडापासून पुढे नुसते धोंडे. मध्ये ओहळ, ओहळाच्या वर शुक्राचा पाडा. घरी भात-नागलीपुरती जमीन होती, पण चूल पेटायची ती गाडीवर. तलासरीच्या एका माणसाकडून त्याने ती जुनी घेतली, तेव्हा त्याच्याही डोक्यात भलतंच होतं. खडकांवर चढणाऱ्या मोठ्या चाकांच्या गाड्या तो मोबाइलवर बघत बसायचा. आपणही गाडी चांगली वीतभर उचलून घ्यायची, रुंद टायर घालायचे, टपावर लाइटची पट्टी लावायची. दक्षा त्याच्या खांद्यावरून डोकावायची.

"बा, लाइट पिवळ्या घे. पांढऱ्या नको. पांढऱ्या सगळ्यांकडे असतात."

दक्षा त्याची एकुलती एक. शाळेत पोरांचं रक्त तपासायला माणसं आली होती, तेव्हा कळलं की तिला सिकल सेल आहे. एरवी ती हुंदडायची, भांडायची, मोठ्याने गाणी म्हणायची. पण मध्येच कधीतरी दुखणं उठायचं. हाडांच्या आतून, गुडघ्यांत, पाठीत, असं की अंगावरची चादरसुद्धा तिला सहन व्हायची नाही. मग कासाच्या दवाखान्यात नेऊन सलाइन लावायचं, रक्त कमी झालं असेल तर आणखी खाली डहाणूला. दवाखान्यात गेलं की ती बरी व्हायची. तिथपर्यंत जाणं हेच अवघड होतं.

एकदा दिवाळीच्या सुमाराला असंच दुखणं उठलं. शुक्राने तिला मागच्या सीटवर बायकोच्या, बारकीच्या, मांडीवर निजवलं आणि निघाला. प्रत्येक धोंड्याला पोरगी किंचाळायची. तो गाडी इतकी हळू चालवायला लागला, की लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या बायका पुढे निघून गेल्या. तरी धक्के बसतच होते. ओहळ ओलांडताना मागचं चाक खड्ड्यात आदळलं, आणि दक्षा रडायची थांबून म्हणाली, "बा, गाडी थांबव. मी चालत जाते."

तिला उभंही राहता येत नव्हतं. शुक्राने गाडी थांबवली, स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि तसाच बसून राहिला. शेवटी बारकीच म्हणाली, "चल आता. थांबून काय होणार."

त्या दिवसानंतर मोठ्या चाकांचे व्हिडिओ बघायचं त्याने सोडलं. दक्षा घरी आल्यावर तो रूपेशकडे गेला. पैसे थोडे होते आणि करायचं खूप होतं. आधी काय करू, हे त्याला समजत नव्हतं. आधी गाडी उचलू का, त्याने विचारलं.

"उचललीस तर आणखी कडक होईल. वर डुलेल ती वेगळीच," रूपेश म्हणाला. "जमिनीला काय टेकतं? टायर. मग पहिले टायर बदल. चांगल्या जाड भिंतीचे घे, फार रुंद नकोत. मग शॉकअप. मग ऑइलच्या चेंबरखाली जाड पत्रा. पुढे-मागे ओढायला हूक. आणि लाइट-बिट सगळं नटणं आहे. ते उरलं तर."

"आणि आज काय करू? आज खिसा रिकामा आहे."

"आज हवा कमी कर. दगडाचा रस्ता लागला की चारही टायरची हवा थोडी सोड, टायर धोंड्यावर बसेल. खाली खडी-डांबराला आलास की पुन्हा भर. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, तेवढा घे. पण हवा कमी असताना गाडी भरून न्यायची नाही. टायर जातील."

तिथून शुक्राची माणसं कमी झाली. मागे लटकून यायला लोक तयार असायचे, आणि हा त्यांना खाली उतरवायचा. बारकी चिडायची. "महालक्ष्मीच्या जत्रेतसुद्धा तू अर्धी गाडी नेणार?" मग चिकूच्या हंगामात बारकी बोर्डीकडे वाड्यांत कामाला जायला लागली. जाण्याआधी मात्र तिने जुन्या लुगड्यांच्या दोन जाड गोधड्या शिवल्या, एक सीटवर आणि एक सीटच्या खालच्या पोकळीत बसेल अशी. मापं तिने गाडीत बसून हाताने घेतली.

टायर आले. मग शॉकअप की चेंबरचा पत्रा, एवढ्यावर अडलं. शुक्राने शॉकअप घेतले. दुसऱ्याच महिन्यात ओहळातल्या धोंड्याने ऑइलचं चेंबर फोडलं, आणि तेही दक्षाच्या दहावीच्या भूगोलाच्या पेपरला. काळं तेल पाण्यावर पसरत गेलं. शुक्रा डोक्याला हात लावून काठावर बसला. दक्षा पाण्यातून चालत पलीकडे गेली, एका दूधवाल्याच्या मोटरसायकलवर बसली, आणि संध्याकाळी पायाला लागलेला चिखल तसाच घेऊन हसत घरी आली. "बा, मी नद्यांवरच सगळं लिहिलं. बाकीचं आलंच नाही." पत्रा मग उधार-उसनवारीने लगेच बसला.

गाडी मऊ झाली की नाही, हे ठरवायचा हक्क दक्षाचा. बरी असली की ती पुढच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर धरून बसायची. पाड्यापासून वाघदेवाच्या दगडापर्यंत जायचं आणि किती पाणी उरलं ते बघायचं. सुरुवातीला दगडाशी येईपर्यंत तिचा परकर भिजून जायचा.

"डावीकडचं मागचं अजून ठोकतंय, बा."

"डावीकडचंच?"

"माझी पाठ आहे ना, मला कळतं."

ती सांगायची तेच रूपेश दुरुस्त करायचा. पाटे काढले त्यानंतरच्या फेरीत तांब्यात गळ्यापर्यंत पाणी उरलं. दक्षाने ते तिथंच वाघदेवाच्या दगडावर ओतलं आणि म्हणाली, "झाली तुझी गाडी." शुक्राला वाटलं, आपल्या हातून आयुष्यात एक काम धड झालं.

आणि ते खरंही होतं. पुढची जवळजवळ दोन वर्षं गाडी कुठे अडकली नाही. ओहळाला पाणी असो नसो, दक्षाचं दुखणं उठलं की ती त्याच गोधडीवर पडून जायची. कण्हायची, पण किंचाळायची नाही. दिवस भरलेल्या बायका, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या शुक्राच्याच गाडीसाठी थांबायला लागल्या. दक्षा बारावीला गेली. आता लाइट घेऊ, असं शुक्राने तिला सांगून ठेवलं होतं.

माघात एक दिवस तिला ताप आला. सोबत खोकला. सकाळी ती म्हणाली, छातीत दुखतंय, श्वास घेतला की टोचतं. हाडांचं दुखणं नव्हतं, म्हणून शुक्रा तितका घाबरला नाही. बारकी मात्र न्याहारी टाकून उठली. दोघांनी तिला गाडीत निजवलं. डोकं बारकीच्या मांडीवर.

त्या वर्षी ओहळ लवकरच कोरडा पडला होता. शुक्राने नेहमीसारखीच गाडी उतरवली, एकेक चाक धोंड्यावर अलगद ठेवत. मागून खोकल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने तो थांबला. कण्हणंही थांबलं. शुक्राने आरशात पाहिलं, दक्षाचे डोळे मिटलेले होते.

"झोपली?"

"हां," बारकी म्हणाली. मग थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "दक्षाच्या बा, जरा बघ ना. हात गार लागतोय."

"ताप उतरला असेल. झोपू दे तिला. रात्रभर डोळा नाही लागला."

खरं सांगायचं तर त्या उतारावर शुक्राला आनंद झाला होता. या रस्त्यावर, या धोंड्यांवर, आपली पोरगी गाडीत झोपली. तो आणखी हळू झाला. तिची झोप मोडू नये म्हणून हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

वाघदेवाच्या दगडाशी त्याने गाडी थांबवली आणि हवा भरायला पंप लावला. तो पंप फार खडखड करायचा. दक्षा त्याला घरघऱ्या म्हणायची, कानांत बोटं घालायची. पहिलं चाक भरून झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला बारकीने काच खाली केली. तिचा चेहरा बघून शुक्रा उभा राहिला.

"एवढ्या आवाजाने पण उठली नाही ती," बारकी म्हणाली.

पंप तिथंच टाकून त्याने गाडी हाकली. त्या दिवशी कासापर्यंत त्याने एकही खड्डा चुकवला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी लगेच ऑक्सिजन लावला, लगेच अँब्युलन्स मागवली, खाली डहाणूकडे पाठवली. बारकी आत बसली, शुक्रा मागून आपल्या गाडीने. सरळ गुळगुळीत रस्ता होता. अँब्युलन्सचा आवाज रस्ताभर ऐकू येत होता, मग एका वळणावर तो बंद झाला. गाडी थांबली नाही, चालतच राहिली, पण आवाज बंद झाला. शुक्राला तेव्हाच कळलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी शुक्राला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. हा आजार कधीकधी फुप्फुसात उतरतो, म्हणाले. फार पटकन होतं. तुम्ही थोडं आधी आला असता तरी मला नाही वाटत काही करता आलं असतं.

"मी हवा भरत होतो," शुक्रा म्हणाला.

डॉक्टरांना ते समजलं नाही. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुपार कलताना दक्षाला तिच्याच गाडीतून परत आणलं. डोकं पुन्हा बारकीच्या मांडीवर. वाघदेवाच्या दगडापाशी पाड्यातली माणसं येऊन थांबली होती. शुक्रा खाली उतरला. पुढच्या चाकाशी उकिडवा बसला आणि वाल्व्ह दाबून हवा सोडायला लागला. फुस्स आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. त्याचा थोरला भाऊ पुढे आला.

"शुक्रा, आता कशाला रे."

त्याने ऐकलं नाही. सकाळी भरलेली सगळी चाकं झाली. मग तो बसला आणि चढ सुरू झाला, सकाळपेक्षाही हळू, एकेक धोंडा बघत. माणसं गाडीच्या दोन्ही बाजूंनी चालत होती. मागे बारकी पोरीच्या कपाळावर हात ठेवून होती, आणि गाडी जरा हलली की दुसऱ्या हाताने तिचे खांदे घट्ट धरत होती.

गाडी पुढे बरेच दिवस अंगणात उभी राहिली. कोंबड्या तिच्याखाली बसायच्या. बारकी बोर्डीकडे गेली ती हंगाम संपला तरी लवकर परतली नाही, चिकू नाही तर नारळ, काही ना काही काम काढून तिथंच राहिली. घरी आली की दोघं जेवायची आणि बोलायची नाहीत. एकदाच ती म्हणाली, "मी तुला सांगितलं होतं, हात गार लागतोय म्हणून." शुक्रा म्हणाला, "हो." त्यावर तीच रडायला लागली, आणि म्हणाली की मलासुद्धा वाटलं होतं, झोपलीय तर झोपू द्यावं.

मग पोटापाण्यासाठी त्याला पुन्हा स्टँडवर यावं लागलं. माणसं आली, म्हाताऱ्या आल्या. पहिल्याच आठवड्यात पलीकडच्या पाड्यातली सुकी नावाची म्हातारी बाजार करून पुढच्या सीटवर बसली. दिवसभराची दमलेली. खडीचा रस्ता लागला, तिची मान कलली. शुक्राने ब्रेक दाबला, गाडी आडवी थांबवली आणि तिचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले.

"उठ! ए, उठ!"

म्हातारी घाबरून जागी झाली. "काय रे, काय झालं?"

शुक्राने तिचे खांदे सोडले. "काही नाही. झोपायचं नाही गाडीत."

म्हातारी चिडली, मागच्या बायकाही कुरकुरल्या. पण दुसऱ्या फेरीला त्याने एका पोरसवद्या नवऱ्या मुलाला तसंच उठवलं, मग एका मास्तरांना. तेव्हा लोकांना उमगलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. आता शुक्राच्या गाडीत बसलेलं माणूस कितीही दमलेलं असलं तरी बोलत राहतं. भात कसा आहे, कुणाची सोयरीक जमली, बाजारात सुकटीचा भाव काय. बोलायचं काही संपलं तर नुसतं "शुक्रा, आलं का रे?" असं विचारत राहतात, आणि तो "आलं, आलं" म्हणत आरशात पुन्हापुन्हा बघत गाडी चालवतो.