साखळी गप झाली तेव्हा

शाळेत शिकवून घरी येताना ओढ्यापाशी मी गाडी थांबवली. उसाने भरलेली ट्रॉली चिखलात खोल रुतली होती आणि तिच्या पुढच्या ट्रॅक्टरची चाकं जागच्या जागी फिरत होती. मदतीला दुसरा ट्रॅक्टर आला, लोखंडी साखळी बांधली गेली आणि खणखणत ताणली जाऊ लागली. मी बघायला अगदी जवळ जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात ऊसतोडीच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्या बाईने माझा दंड धरून मला खसकन मागे ओढलं. "हितं नका उभं राहू, बाई!"

मला रागच आला. मी हात सोडवत होते, तोच बार उडाल्यासारखा आवाज झाला. साखळी तुटून उसळली आणि मी उभी होते तिथल्या बाभळीची साल सोलवटून गेली. आतलं ओलं लाकूड उघडं पडलं होतं, बरोबर माझ्या छातीच्या उंचीवर.

मी बांधावर बसले.

"मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

"साखळी वाजायची थांबली व्हती. लई ताण आला की ती गप होती."

एवढं सांगून ती टोळीबरोबर मोळ्या उतरवायला गेली. अर्धी ट्रॉली रिकामी झाल्यावर ट्रॅक्टर सहज बाहेर निघाला. सगळे हसले. मला मात्र उठवेना. माझ्या वर्गातली एक मुलगी महिनाभर एक शब्द बोललेली नाही, आणि मी तिला शहाणी म्हणत आले होते.