देवीची जट

आमच्या मोहल्ल्यातली ती बाई सगळ्यांशी दरडावून बोलायची आणि मधेमधे "ऐकून राह्यली ना?" विचारायची. तिच्या डोक्यात देवीची जट होती, कमरेपर्यंत, दोरखंडासारखी. अशा जटेला फणीसुद्धा लावायची नाही, कापायची तर बातच नाही. शुक्रवारी बायका तिच्या पाया पडत, नारळ देत. तिला ते आवडायचं. मला ती फारशी आवडत नसे.

छप्पन्न साली साहेब चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा द्यायला आले. आम्ही सगळे बैलगाड्या जुंपून गेलो. परतलो तेव्हा पांढरी लुगडी धुळीनं माखली होती, घोषणा देऊन घसे बसले होते, तरी कोणाला गप्प राहवत नव्हतं. गाडीतून उतरल्याबरोबर ती माझ्यावरच ओरडली, "बाई, इळा आन! हे जट काप."

तिच्या तान्ह्या पोरीला घेऊन बसलेली सासू ताडकन उठली. "देवी कोपंल! आधीचे दोन लेकरं गेले, आता हे बी नेईल."

"देव मानणार नाई, असं साहेबांसमोर बोलून आली मी. ऐकून राह्यली ना? काप वं!"

कोणी पुढे होईना. मी विळा घेतला. जट करकरत तुटली आणि अंगणात पडली. तेवढ्यात पोरगी किंचाळून रडायला लागली. बायका जागीच थिजल्या.

तिनं सासूच्या हातून पोरीला ओढून घेतलं आणि पदराखाली धरलं.

"भूक लागली तिले," ती म्हणाली. "दुसरं काई नाई."