वरच्या मजल्यावरचे यजमान

घराच्या कराचा फॉर्म मी स्वतःच्या हातानं भरला, तिथंच शेण खाल्लं. लेक पुण्याहून सांगत होता, आई, मी ऑनलाइन भरतो. मी म्हटलं, जन्मभर शाळेत मुलांचे फॉर्म तपासले, तू मला काय शिकवतोस? घ्या आता.

काशीत अमृतराव घाटामागच्या गल्लीत आमचं दुमजली घर. खाली बँकेतलं एक कुटुंब भाड्यानं राहतं, वर आम्ही दोघं. त्या भाड्यातून ह्यांची औषधं आणि ह्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या बाईचा पगार भागतो. दोन वर्षांपासून ह्यांना कुणाची ओळख राहिलेली नाही. फॉर्मात प्रत्येक मजल्यापुढे रकाना होता, कोण राहतं? खाली लिहिलं, किरायेदार. वर लिहिलं, यजमान. सासूबाईंनी लावलेलं वळण, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. जन्मभर हिंदीत शिकवलं आणि नवऱ्यापाशी आल्यावर मेली मराठीच लिहून बसले.

महिन्याभरात नोटीस आली. वरचा मजला व्यावसायिक, म्हणून कर कितीतरी पट. सगळं भाडं त्यातच जाणार, मग बाईला कुठून देऊ? आणि बाई गेली तर ह्यांना मी एकटी कशी आवरू?

कचेरीत गेले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, मग जेवणाची सुट्टी, मग सर्व्हर बंद. डोकं उठलं नुसतं. शेवटी एका साहेबानं माझाच कागद माझ्यापुढे धरला. घर घाटाजवळ, आडनाव मराठी, वर यजमान राहतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे महाराष्ट्रातून विधींसाठी येणारी माणसं उतरवता आणि पैसे घेता. काशीत यजमान म्हणजे तेच, हे मला ठाऊक नव्हतं का? कपाळ माझं! आमच्यात नवऱ्याला यजमान म्हणतात, असं त्याला परोपरीनं सांगितलं. तो हसला. आधार दाखवलं, रेशनकार्ड दाखवलं, तरी घर पाहिल्याशिवाय शेरा बदलणार नाही म्हणाला. मला भयंकर राग आला, त्याचा कमी, स्वतःचा जास्त.

गुरुवारी तो आला आणि जिना चढून थेट ह्यांच्या खोलीत गेला. हे खिडकीशी बसले होते, केस मीच विंचरलेले. बाबूजी, आप यहीं रहते हैं, असं त्यानं अदबीनं विचारलं.

"नहीं भैया," हे म्हणाले, "हम तो दो दिन के लिए आए हैं."

झालं, मेले मी. साहेबानं पेन काढलं आणि विचारलं, किराया कितना देते हैं?

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. परक्या बाईकडे पाहावं तसंच, पण फार मायेनं.

"ये बाई पैसे की बात ही नहीं करतीं. नहलाती हैं, अपने हाथ से खिलाती हैं. इनका आदमी बड़ा भागवान होगा."

 साहेबानं माझा शब्द खोडला, वर 'पति' लिहिलं आणि कागद सहीसाठी माझ्यापुढे सरकवला. काम झालं होतं. मला मात्र सही कुठं करायची तेच दिसेना.